रील झाली, मार्क पडले. माहिती पोहोचली का?

सत्र संपत आलं की जनसंपर्क आणि माध्यम विषय घेतलेल्या कॉलेजच्या मुलांची धावपळ सुरू होते. कुणी काल्पनिक चहाचा ब्रँड काढतो, कुणी त्याचा लोगो, घोषवाक्य, पोस्टर आणि तीस सेकंदांची रील तयार करतो. वर्गातच खोटी पत्रकार परिषद होते, मित्रच पत्रकार होऊन प्रश्न विचारतात. फाइल बाइंड होते, व्हायवा होतो आणि विषय संपतो. याला आता 'क्रिएटिव्ह मीडिया प्रोजेक्ट' म्हणतात.

मुलं मेहनत करतात, यात वाद नाही. मोबाइलवर एडिटिंग करण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. प्रश्न वेगळा आहे. यातून ती जाहिरात शिकतात की जनसंपर्क? आणि सीमाभागात, जिथे एकाच गावात सरकारी सूचना एका भाषेत आणि घरातलं बोलणं दुसऱ्या भाषेत चालतं, तिथे या शिक्षणाचा उपयोग कोणाला?

हा विषय आत्ताच का?

नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील कॉलेजांत फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग आणि समाजाशी जोडणारे उपक्रम थेट क्रेडिटमध्ये मोजले जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीत अशा कामाचं एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात ३० तास. दोन क्रेडिट असतील तर ६० तास. गोव्यातही पदवीचे अभ्यासक्रम याच धर्तीवर बदलले. कर्नाटकाने २०२४-२५ पासून चार वर्षांची पदवी मागे घेऊन पुन्हा तीन वर्षांची केली. पण प्रोजेक्ट आणि इंटर्नशिपचं महत्त्व तिथेही कमी झालेलं नाही.

आपल्याकडे चंदगडचा मुलगा बेळगावात शिकतो, खानापूरची मुलगी गोव्यात नोकरी शोधते. नियम तीन राज्यांचे, पण विद्यार्थी तोच. म्हणून त्याच्या ६० तासांत काय होतं, याकडे सगळ्यांनीच बघायला हवं.

काल्पनिक चहाला गिऱ्हाईक नसतं

काल्पनिक ब्रँडची मोठी सोय अशी की त्याला तक्रार करणारा माणूस नसतो. चहा कडू लागला म्हणून कुणी फोन करत नाही. जनसंपर्काचं खरं काम मात्र तिथूनच सुरू होतं.

जेम्स ग्रुनिग आणि टॉड हंट या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९८४ मध्ये जनसंपर्काचे चार प्रकार मांडले. आजही ते बहुतेक अभ्यासक्रमांत आहेत. पहिला, नुसता गाजावाजा. दुसरा, खरी माहिती लोकांपर्यंत पोहोचवणे. तिसरा, लोकांचं मत जाणून घेऊन त्यांना आपल्या बाजूला वळवणे. चौथा, लोकांचं ऐकून गरज पडल्यास स्वतःलाही बदलणे. मुलं परीक्षेत हे चारही प्रकार लिहितात आणि प्रोजेक्ट करताना पहिल्यावरच थांबतात. कारण रीलमध्ये गाजावाजा दिसतो, ऐकणं दिसत नाही.

अमेरिकेत जनसंपर्काच्या विद्यार्थ्यांसाठी १९७३ पासून एक राष्ट्रीय स्पर्धा चालते. पुढे तिला बेटमन यांचं नाव मिळालं. त्यात विद्यार्थ्यांच्या गटाला खरी संस्था दिली जाते. आधी संशोधन, मग आराखडा, मग प्रत्यक्ष मोहीम आणि शेवटी परिणामाची मोजणी, असे चार टप्पे पुरे करावे लागतात. आपल्याकडे बहुतेक वेळा तिसऱ्या टप्प्यापासून सुरुवात होते आणि तिथेच शेवट.

क्युसेक म्हणजे काय हो?

आता आपल्या भागाकडे या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव हे तिन्ही जिल्हे एकाच वेळी पाण्यात होते. पुणे-बंगळूर महामार्गही बंद पडला होता. त्यानंतर दर पावसाळ्यात कोयनेतून किती विसर्ग, राजापूर बंधाऱ्यावरून किती पाणी, याचे आकडे मोबाइलवर येत राहतात. आकडा खरा असतो. पण दूधगंगा-वेदगंगेच्या काठावरच्या शेतकऱ्याला क्युसेकमधून काय कळणार? त्याला हवं असतं ते एवढंच: पूल कधी बुडेल, मुलांना शाळेत पाठवायचं का, जनावरं आज हलवायची की उद्या. एका राज्यात सोडलेल्या पाण्याचा आकडा दुसऱ्या राज्यातल्या माणसाला त्याच्या भाषेत, त्याच्या कामाच्या शब्दांत सांगणं हाच जनसंपर्क. यापेक्षा चांगला प्रोजेक्ट कुठल्या पुस्तकात मिळणार?

दुसरं उदाहरण फेब्रुवारी २०२५ चं. बेळगाव तालुक्यात बस वाहकाला मारहाण झाली, त्याचे पडसाद दोन्ही राज्यांत उमटले आणि आंतरराज्य बससेवा विस्कळीत झाली. व्हिडिओ पाच मिनिटांत सगळीकडे पोहोचले. बस कुठपर्यंत जाते, परतीची मिळेल का, ही साधी माहिती मात्र प्रवाशांना विचारत फिरावी लागली. भडकवणारा मजकूर धावतो आणि कामाची माहिती रांगत येते. या दोघांमधलं अंतर कमी करायला शिकणं, हे जनसंपर्काच्या विद्यार्थ्याचं काम आहे.

भाषेचा मुद्दा इथे टाळता येत नाही. जिल्हा किंवा तालुका पातळीवर १५ टक्के किंवा त्याहून जास्त लोक जी भाषा बोलतात, त्या भाषेत महत्त्वाचे नियम आणि सूचना प्रसिद्ध कराव्यात, असं भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या केंद्राच्या तरतुदींत आहे. बेळगावात मराठी कागदपत्रांची मागणी याच आधारावर वर्षानुवर्षे होते. तो लढा त्याच्या जागी. पण आरोग्य केंद्रातल्या लसीकरणाची सूचना मराठी आजीला कळली पाहिजे आणि शेजारच्या कन्नड आजीलाही कळली पाहिजे, यात कुणाचं नुकसान होत नाही.

विक्री आणि नफा यांत फरक असतो

प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर हमखास दिसतं: इतके व्ह्यूज, इतके लाइक, इतक्या ठिकाणी बातमी. कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर ही फक्त उलाढाल झाली, नफा नव्हे.

पूर्वी जनसंपर्क कंपन्या छापून आलेल्या बातमीची लांबी-रुंदी मोजून, तेवढ्या जागेच्या जाहिरातीचा दर लावून 'इतक्या लाखांची प्रसिद्धी मिळवली' असं ग्राहकाला सांगत. २०१० मध्ये या क्षेत्रातल्या संस्थांनी बार्सिलोना तत्त्वं मान्य केली, तेव्हा स्पष्ट म्हटलं गेलं की जाहिरातीचा दर म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे. मोजायचं ते लोकांच्या माहितीत, मतात किंवा वागण्यात काय फरक पडला ते. आपल्या अनेक कॉलेजांत मात्र कात्रणांची फाइल जितकी जाड तितके मार्क जास्त, हा हिशेब अजून चालू आहे.

फरक मोजायला मोठं सर्वेक्षण लागत नाही. मोहिमेआधी गावातल्या ३० घरांत जाऊन तीन प्रश्न विचारा. मोहिमेनंतर त्याच ३० घरांत तेच तीन प्रश्न पुन्हा विचारा. उत्तरं बदलली नाहीत तर ते तसंच लिहा. फसलेल्या मोहिमेचा प्रामाणिक अहवाल हाही चांगला प्रोजेक्ट असतो.

करता येण्यासारखं बरंच आहे

एक पूल घ्या आणि तो बुडण्याआधी काठावरच्या दोन गावांसाठी मराठी-कन्नड सूचनांचा नमुना तयार करा. तलाठी आणि ग्रामपंचायतीला दाखवा. एखाद्या सरकारी दवाखान्यात आठवडाभर बसून लोक केस पेपरच्या खिडकीवर पुन्हा पुन्हा कोणते प्रश्न विचारतात ते टिपा आणि त्यांच्या उत्तरांचा फलक बनवा. खानापूरची कुंभारकला किंवा शहापूर-वडगावचा विणकाम व्यवसाय घ्या. रील करण्याआधी कारागिराला विचारा, त्याला प्रसिद्धी हवी आहे की थेट गिऱ्हाईक. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरलेली एक अफवा निवडा, ती कुठे थांबवता आली असती ते शोधा. सामुदायिक रेडिओ जवळ असेल तर दहा मिनिटांचा कार्यक्रम करा, पण निम्मा वेळ श्रोत्यांच्या प्रश्नांना द्या.

यात एकही गोष्ट खर्चिक नाही. मोबाइल, कागद आणि चालायची तयारी पुरते.

अडचणीही खऱ्या आहेत

प्राध्यापकांचं म्हणणं चुकीचं नाही. एका शिक्षकाकडे साठ-सत्तर मुलं, त्यात पेपर तपासणं आणि प्रशासकीय कामं. मुलांना गावात पाठवलं आणि भाषेवरून वाद झाला तर जबाबदारी कोणाची, ही धास्ती असतेच. म्हणून काल्पनिक ब्रँड सोयीचा वाटतो. यावर उपाय म्हणजे मराठी आणि कन्नड मुलांचे मिश्र गट करणं, कॉलेजचं पत्र सोबत देणं आणि दहा गटांना मिळून एकच विषय देणं. शिक्षकाचं ओझंही त्याने कमी होतं.

दुसरा धोका उलट्या बाजूचा. खरा ग्राहक म्हणून दुकानदार किंवा कंपनी घेतली की मुलं फुकटात महिनाभर पोस्ट बनवत बसतात आणि शेवटी एक सर्टिफिकेट मिळतं. काही ठिकाणी तर काम न करताही सर्टिफिकेट मिळतं. क्रेडिट ३० तासांच्या शिकण्याचं असतं, ३० तासांच्या फुकट मजुरीचं नाही. कॉलेजने आधीच लिहून घ्यावं की मुलाला काय शिकायला मिळणार.

कायदाही शिकवावा लागेल. लोकांचे फोटो आणि फोन नंबर गोळा करताना संमती लागते. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा त्यासाठीच आहे. पैसे किंवा भेटवस्तू घेऊन केलेल्या प्रचाराच्या पोस्टवर तसं स्पष्ट लिहावं, असं केंद्राने जानेवारी २०२३ मध्येच सांगितलं आहे. हे कॉलेजात कळलं नाही तर नोकरीत नोटीस आल्यावर कळेल.

आता एआयकडून प्रेसनोट अर्ध्या मिनिटात लिहून मिळते. बातमीदारांच्या मोबाइलवर अशा गुळगुळीत प्रेसनोटा रोज येतात. त्यात विशेषणं भरपूर आणि तारीख, ठिकाण, वेळ गायब. लिहिण्याचं काम मशीन करणार असेल तर माणसाकडे उरतं ते गावात जाणं, ऐकणं, खात्री करणं आणि दोन भाषांमध्ये अर्थ न सांडता नेणं. सीमाभागातल्या मुलाला यातली शेवटची गोष्ट घरातच मिळालेली असते. बेळगावचा मुलगा दिवसातून चार वेळा मराठी, कन्नड, हिंदी बदलत बोलतो आणि बायोडेटात मात्र ते एका ओळीत उरकतो. हे त्याचं भांडवल आहे, हे त्याला कॉलेजने सांगायला हवं.

येत्या व्हायवात परीक्षकांनी फक्त दोन प्रश्न वाढवावेत. ही मोहीम कोणासाठी केलीस? आणि त्यांनी ती पाहिल्यावर काय वेगळं केलं? ज्याच्याकडे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असेल, त्याच्या रीलला शंभरच व्ह्यूज असले तरी त्याला पूर्ण मार्क द्यायला हरकत नाही.