सत्तेच्या दारातील उमेदवारी: उन्हाळी इंटर्नशिपचा हिशेब कोण ठेवणार?

मराठीत ‘उमेदवारी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. निवडणुकीला उभे राहणे हा एक, आणि जाणत्याच्या हाताखाली राहून काम शिकणे हा दुसरा. गेल्या दशकभरात हे दोन्ही अर्थ एकाच छपराखाली आले आहेत. शासकीय संपर्क, जनसंपर्क आणि निवडणूक-सल्ला अशा सेवा विकणाऱ्या कंपन्या उन्हाळी सुट्टीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ‘इंटर्न’ म्हणून घेतात. कोणी धोरणांची टिपणे काढतो, कोणी वृत्तपत्रांची कात्रणे वर्गवारीने लावतो, कोणी समाजमाध्यमांसाठी मजकूर लिहितो, तर कोणी दारोदारी फिरून मतदारांचा कल नोंदवतो. विद्यार्थ्याला त्यातून सत्तेचे यंत्र जवळून पाहायला मिळते, हे खरेच. परंतु या उमेदवारीचे मोल कोण चुकवतो आणि तिच्यावर देखरेख कोणाची, या प्रश्नांना आज समाधानकारक उत्तर नाही.

हा बदल कसा घडला, हे हैदराबादेत स्पष्ट दिसते. सातव्या निजामाचे ज्येष्ठ पुत्र हिमायत अली खान यांचे नाव मिरवणारे हिमायतनगर हा त्या शहराच्या जुन्या राजकीय पट्ट्याचा भाग आहे. कवी आणि कम्युनिस्ट नेते मख्दूम मोहिउद्दीन यांच्या नावाचे मख्दूम भवन, म्हणजे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे राज्य कार्यालय, येथेच आहे. उर्दू हॉलही येथलाच. हैदरगुड्यातील आमदार निवास आणि बशीरबागेतील प्रेस क्लब हाकेच्या अंतरावर. विधानसभा आणि हुसेनसागराकाठचे सचिवालयही फार दूर नाही. राजकारणात शिरू पाहणाऱ्या तरुणाची उमेदवारी पूर्वी याच टापूत होत असे. पक्ष कार्यालयात पत्रके वाटणे, कामगार सभेत सतरंज्या घालणे, आमदाराची पत्रे लिहिणे, वृत्तपत्रात प्रूफे वाचणे, अशी ती शिडी होती. पैसा तिथेही नव्हता. मात्र आपण कोणासाठी राबतो, हे त्या तरुणाला ठाऊक असे आणि त्याच्या पत्रकावर पक्षाचे नाव छापलेले असे.

आज ही शिडी पक्ष कार्यालयातून सल्लागार कंपन्यांच्या दालनांत हलली आहे. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या ‘सिटिझन्स फॉर अकाउंटेबल गव्हर्नन्स’ने उच्चशिक्षित तरुणांना निवडणूक प्रचाराच्या कामात आणले. त्यातूनच पुढे प्रशांत किशोर यांची ‘आयपॅक’ उभी राहिली. २०१७ पासून आयपॅकने वायएसआर काँग्रेससाठी काम केले आणि २०१९ मध्ये त्या पक्षाने आंध्र विधानसभेच्या १७५ पैकी १५१ जागा जिंकल्या. २०१८ मध्ये ‘नॅशनल अजेंडा फोरम’च्या माध्यमातून आयपॅकने देशभरातील महाविद्यालयीन युवकांना सहयोगी म्हणून जोडले. तेलंगणात २०२३ च्या निवडणुकीपूर्वी सुनील कनुगोलू यांच्या चमूने काँग्रेसच्या प्रचाराची सूत्रे हाताळली आणि ११९ पैकी ६४ जागा मिळवून तो पक्ष सत्तेवर आला. या यशाने विद्यार्थ्यांमध्ये अशा कामाचे आकर्षण वाढणे स्वाभाविकच होते.

जोखीम मात्र खालच्या पायरीवर

यशाचे धनी मोठे असतात, झळ बहुधा खालच्यांना बसते. जुलै २०२१ मध्ये त्रिपुरात सर्वेक्षणासाठी गेलेल्या आयपॅकच्या वीसहून अधिक कर्मचाऱ्यांना आगरतळ्यातील हॉटेलात अडकवून ठेवण्यात आले; पोलिसांनी कोविड पडताळणीचे कारण दिले. डिसेंबर २०२२ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांविरुद्धच्या कथित आक्षेपार्ह मजकुरावरून हैदराबादच्या माधापूर येथील काँग्रेसच्या प्रचार कक्षावर पोलिसांनी छापा घातला, तेव्हा तेथे काम करणाऱ्यांना चौकशीला तोंड द्यावे लागले. त्याआधी २०१९ मध्ये शहरातील एका माहिती-तंत्रज्ञान कंपनीवर तेलुगू देसमच्या ॲपसाठी मतदारांची माहिती गैरमार्गाने वापरल्याचा आरोप झाला आणि दोन राज्यांची सरकारे समोरासमोर उभी ठाकली. या प्रकरणांत दोष कोणाचा, हा वेगळा विषय. पण अशा कार्यालयात सहा आठवड्यांसाठी आलेल्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तयार केलेल्या मजकुराची किंवा गोळा केलेल्या माहितीची जबाबदारी कोणाची, हे त्याला आधी सांगितलेले असते का, हा प्रश्न उरतोच.

कायद्याच्या नजरेत इंटर्न जवळजवळ अदृश्य आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने त्या कायद्याखालील शिकाऊंना विद्यावेतनाचा हक्क दिला. जनसंपर्क कंपनीत आपल्या जोरावर जाणारा विद्यार्थी त्या चौकटीबाहेर राहतो. एकच ठळक अपवाद आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा वेतन मिळो न मिळो, प्रशिक्षणार्थी आणि स्वेच्छेने काम करणाऱ्यांनाही ‘कर्मचारी’ मानतो. म्हणजे व्याख्या करणे अशक्य नाही. इतर बाबतीत ती करण्याची इच्छा दिसलेली नाही.

जी गोष्ट इंटर्नची, तीच त्याला राबवणाऱ्या व्यवसायाची. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबिंग करणाऱ्यांना ग्राहक आणि खर्च जाहीर करावा लागतो. भारतात असा कायदा नाही. त्यामुळेच २०१२ मध्ये वॉलमार्टच्या लॉबिंग खर्चात भारतीय बाजारपेठेत प्रवेशाचा विषय होता, हे आपल्या संसदेला अमेरिकी सिनेटकडे दाखल झालेल्या अहवालांतून कळले आणि गदारोळ माजला. त्यापूर्वी २०१० मध्ये नीरा राडिया ध्वनिफितींनी उद्योग, राजकारण आणि पत्रकारिता यांच्यातील अदृश्य दुवे चव्हाट्यावर आणले होते. २०१३ मध्ये लॉबिंगच्या जाहीर नोंदणीसाठी लोकसभेत खासगी विधेयक आले. त्याचा कायदा झाला नाही. ज्या व्यवसायाचे ग्राहकच जाहीर होत नाहीत, तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपण कोणाचे हित पुढे रेटतो आहोत, हे कळण्याची हमी नाही.

पाच हजारांचे गणित

दुसरा मुद्दा पैशांचा. हैदराबादसारख्या शहरात सहा आठवडे राहायचे तर खोली, खानावळ आणि प्रवास यांचा खर्च आलाच. विद्यावेतन नाममात्र किंवा शून्य असेल तर ही संधी आपोआप सुस्थितीतील घरांपुरती उरते. केंद्राने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत दरमहा ५,००० रुपये आणि एकरकमी ६,००० रुपये देऊ केले. पहिल्या फेरीत सव्वा लाखाहून अधिक संधी होत्या; प्रस्ताव स्वीकारले सुमारे २८ हजार उमेदवारांनी आणि प्रत्यक्षात रुजू झाले नऊ हजारांहून कमी. घरापासूनचे अंतर आणि बारा महिन्यांचा कालावधी ही त्यामागची कारणे पुढे आली. पैसे देऊनही दूरचे शहर परवडत नाही, तिथे विनावेतन उमेदवारी किती जणांना परवडेल? अमेरिकेत व्हाइट हाउसनेही २०२२ च्या शरद ऋतूपासून इंटर्नना मानधन सुरू केले, त्यामागे हाच तर्क होता.

गोव्याने काय शिकावे

गोव्याला हा विषय परका नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये तृणमूल काँग्रेस राज्यात उतरली ती आयपॅकच्या चमूसह. फेब्रुवारी २०२२ च्या निवडणुकीत त्या पक्षाला सुमारे पाच टक्के मते मिळाली, जागा एकही नाही. निकालाआधीच पक्षातील काहींनी सल्लागारांवर उघड नाराजी व्यक्त केली. चमू परतला. तेव्हा दारोदारी गोळा झालेल्या माहितीचे पुढे काय झाले, असा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

छोट्या राज्यात हा प्रश्न अधिक नाजूक असतो. गोव्यात एका मतदारसंघात सरासरी २९ हजारांच्या आसपास मतदार. २०२२ मध्ये सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला, साखळीचा ६६६ मतांनी. इतक्या कमी फरकाच्या निवडणुकीत एका वाड्याचा कल म्हणजे दहा-पंधरा घरांची नावानिशी ओळख. ती नोंद करणारा इंटर्न बहुधा त्याच गावातला, शेजाऱ्यांच्या ओळखीचा. लोक त्याला दार उघडतात ते कंपनीकडे पाहून नव्हे, तर तो अमक्याचा मुलगा म्हणून. त्या विश्वासाचा उपयोग कोण आणि कशासाठी करतो, हे त्याला आणि त्या घराला, दोघांनाही ठाऊक असायला हवे. पुढील विधानसभा निवडणूक २०२७ च्या आरंभी अपेक्षित असल्याने ही चर्चा वेळीच व्हावी.

सुदैवाने हाती एक साधन आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात ६० ते १२० तासांच्या इंटर्नशिपला २ ते ४ श्रेयांक देण्याची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाने केली आहे. म्हणजे शिक्का विद्यापीठाचा असतो. श्रेयांक देण्यापूर्वी कामाचे स्वरूप, ते कोणत्या पक्षासाठी वा उद्योगासाठी आहे, विद्यावेतन किती आणि गोळा केलेल्या माहितीचे काय होणार, हे कंपनीने लेखी द्यावे, अशी अट विद्यापीठ घालू शकते. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

पर्यायही समोर आहे. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेची ‘लॅम्प’ फेलोशिप २०१० पासून तरुणांना खासदारांसोबत संसदीय कामासाठी नेमते. निवड खुली असते, विद्यावेतन मिळते आणि आपण कोणासाठी काम करतो हे पहिल्या दिवसापासून माहीत असते. पर्वरीत चाळीस आमदार आहेत. विधेयके वाचणारे, प्रश्नांची टिपणे काढणारे हात त्यांनाही हवेच असतात. राज्याच्या खर्चाने, खुल्या निवडीतून अशी उमेदवारी तेथे करता आली, तर काणकोण किंवा सत्तरीतील मुलीला सत्तेचे यंत्र पाहण्यासाठी हैदराबाद वा दिल्लीत खोली भाड्याने घ्यावी लागणार नाही, आणि आपण नेमके कोणासाठी काम करतो हे शोधत बसावे लागणार नाही.