छापील कृतीच्या पलीकडे : रसायनशास्त्र अभ्यास मंडळांना खुले पत्र

मा. अध्यक्ष व सदस्य,
रसायनशास्त्र अभ्यास मंडळे, महाराष्ट्रातील विद्यापीठे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर श्रेयांकांची मांडणी बदलली, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचे प्रात्यक्षिक मात्र बहुतेक ठिकाणी जुन्याच वळणाने चालते. कृती छापील, उत्तर आधीच ठाऊक आणि ब्युरेटची रीडिंग जुळली की जर्नलवर सही, अशा या प्रयोगाला पडताळणीचा प्रयोग म्हणतात. शोधाधारित प्रयोगात प्रश्न शिक्षक देतो, पण कृती ठरवण्याची व निष्कर्षाचे समर्थन करण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर असते. ही काही आजची नवलाई नव्हे. हेन्री आर्मस्ट्राँग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हाच आग्रह धरला होता.

दुष्फेनतेचा, म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे पाण्यात साबणाला फेस न येण्याचा, नेहमीचा प्रयोग पाहावा. सामू १० राखणारे बफर घालून ईडीटीएच्या द्रावणाने अनुमापन करायचे आणि एरिओक्रोम ब्लॅक टीचा लाल रंग निळा झाला की आकडा लिहायचा, एवढेच त्यात सध्या घडते. त्याच साहित्यावर ‘बोअरचे पाणी उकळल्याने किती सुफेन होते?’ असा प्रश्न दिला, तर विचार करणे भाग पडते. उकळताना बायकार्बोनेटांपासून कार्बोनेटाचा साका बसतो, सल्फेट व क्लोराइड मात्र द्रावणातच राहतात. शिवाय वाफ गेल्याने उरलेले पाणी संहत होते, आणि हे ज्याच्या ध्यानात येत नाही त्याला दुष्फेनता प्रत्यक्षाहून कमी घटल्याचे, क्वचित वाढल्याचेही, दिसते. साका न गाळता अनुमापन केले, तर तो ईडीटीएत सावकाश विरघळतो आणि निळा झालेला रंग पुन्हा लालीकडे वळतो. ‘गाळा व ऊर्ध्वपातित पाण्याने आकारमान पूर्ववत करा’ ही छापील ओळ दोन्ही अडचणी टाळते. दुर्दैवाने त्यांच्यामागचे रसायनशास्त्रही टाळते. मिळालेला आकडा पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी, म्हणजे लिटरला २०० मिलिग्रॅमच्या स्वीकार्य आणि ६०० मिलिग्रॅमच्या कमाल मर्यादेशी, ताडता येतो.

बॅच मोठी, वेळ अपुरा, हा आक्षेप खरा आहे, आणि संहत आम्लांच्या प्रयोगांत मोकळीक देणे धोक्याचेही आहे. म्हणून सगळी प्रात्यक्षिके बदलावीत, अशी मागणी नाही. प्रत्येक सत्रात दोन प्रयोग प्रश्नरूपाने ठेवावेत, त्यांना दोन-दोन तासिका द्याव्यात, आणि मुख्य म्हणजे गुणदान बदलावे : जर्नलमध्ये फसलेला प्रयत्न व त्याची कारणमीमांसा लिहिणाऱ्याला गुण मिळाले नाहीत, तर मागच्या वर्षीचे जर्नल उतरवून काढणेच विद्यार्थ्याला शहाणपणाचे वाटत राहील.

रसायनशास्त्राच्या अध्यापनाविषयी आस्था असलेला एक वाचक