बियाण्याचे औषध आणि मजुराचा हात

बुरशीनाशकाला आपल्या खेड्यांत सरसकट 'औषध' म्हणतात. दुकानदार म्हणतो, शेतमालक म्हणतो, आपणही म्हणतो. कीटकनाशक म्हटले की माणूस निदान थोडा बिचकतो. बुरशीनाशकाला कोणी भीत नाही. रंगीत भुकटी बियाण्यावर टाकायची, उघड्या हाताने चोळायची, हात पदराला पुसायचे आणि भाकरी सोडायची, असे पेरणीच्या दिवसांत सर्रास चालते. चोळणारा हात पुष्कळदा मजुराचा असतो, त्यातही बाईचा. म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर घ्यावा असे आम्हाला वाटले.

पिकाच्या रोगाकडे दुर्लक्ष करा, असे आम्ही म्हणत नाही. काणी आली की ज्वारीच्या कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते. मग शेतकऱ्याचे उत्पन्न बुडते आणि मजुराचे कामही. बाजरीवरचा अरगट तर खाणाऱ्यालाही बाधतो. मळमळ, उलट्या, चक्कर, गुंगी असा त्रास होतो. तेव्हा रोग आवरलाच पाहिजे. तो कशाने आवरायचा आणि कोणाच्या जिवावर, एवढाच आमचा प्रश्न आहे.

धान्यपिकांच्या कितीतरी रोगांवर साधे उपाय आहेत. काणीसाठी पेरणीपूर्वी किलोभर ज्वारीच्या बियाण्याला 300 मेश गंधक 4 ग्रॅम चोळावे, ही कृषी विद्यापीठाची जुनी शिफारस आहे. अरगटासाठी 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ विरघळवून त्यात बाजरीचे बी टाकावे. वर तरंगणारे रोगट व हलके बी काढून जाळावे. तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवावे. गव्हाच्या तांबेऱ्यावर खरा इलाज म्हणजे रोगाला दाद न देणारे वाण, वेळेवर पेरणी आणि युरियाचा बेताने वापर. फवारणीची पाळी यानंतर यावी. एकच बुरशीनाशक पुन्हा पुन्हा मारले तर बुरशी त्याला सरावते आणि पुढे तेही लागू पडत नाही.

तरीही काही वेळा रसायन वापरावेच लागते. तेव्हा ते काय आहे, हे हाताळणाऱ्याला त्याच्या भाषेत कळले पाहिजे. ते न कळल्याने काय घडले, याचा दाखला इराकमध्ये आहे. दुष्काळानंतर 1971 मध्ये तिथे गहू व बार्लीचे बियाणे परदेशातून आले. त्याला पाऱ्याचे बुरशीनाशक लावलेले होते. बऱ्याच ठिकाणी ते पेरणी उरकल्यावर पोचले. पोत्यांवरचा इशारा इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये होता. खेड्यातल्या माणसांना तो वाचता आला नाही. धुतल्यावर लाल रंग निघाला, म्हणून लोकांना वाटले विषही गेले. त्यांनी त्याच्या रोट्या केल्या. काही आठवड्यांनी हातपाय बधिर होऊ लागले, तोल जाऊ लागला, दिसेनासे झाले. 6530 माणसे रुग्णालयात दाखल झाली, त्यांतली 459 दगावली. ऊस-बटाट्याच्या बेण्याला लावायचे पाऱ्याचे एक बुरशीनाशक आपल्याकडेही होते. त्यावर केंद्र सरकारने 2018 मध्ये बंदी घातली.

आज आपल्याकडच्या डब्यावर त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. बरीच बुरशीनाशके निळ्या-हिरव्यात येतात, म्हणून ती निर्धोक समजली जातात. पण हिरवा म्हणजे कमी विषारी, बिनविषारी नव्हे. बीजप्रक्रियेत वापरला जाणारा थायरमच घ्या. तो डोळ्यांना आणि कातडीला झोंबतो. शिवाय तो हाताळल्यावर दारू घेतली तर चेहरा लाल होतो, डोके दुखते, छाती धडधडते, उलट्या होतात. 'थोडी घेतली की औषध बाधत नाही' असे सांगणारे म्हणजे आगीत तेल ओतणारेच.

कीटकनाशक नियम 1971 सालचे आहेत. बुरशीनाशकेही त्यांच्याच कक्षेत येतात आणि ती हाताळणाऱ्याला योग्य संरक्षक कपडे मिळाले पाहिजेत, असे त्यांत लिहिले आहे. तेव्हा हातमोजे, तोंडाला मास्क, साबण आणि पाणी मागणे म्हणजे मालकाची मेहेरबानी मागणे नाही. ज्याच्या शेतावर काम, त्यानेच ही सोय करावी. एकट्या बाईने मागितले तर उद्याचा रोजगार जाईल ही भीती खरी आहे. म्हणूनच टोळीतल्या सगळ्यांनी मिळून, काम ठरवतानाच मागावे.

बाकीचे आपल्या हातात आहे. औषध लावलेले उरलेले बी दळू नये, कोंबड्यांना घालू नये, वाटून घेऊ नये. रिकामा डबा पाण्याला वापरू नये. गरोदर बाई आणि मुलांना या कामावर पाठवू नये. कोणाला त्रास झाला तर अंगावरचे कपडे बदलून, अंग धुऊन त्याला लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे आणि डबा सोबत न्यावा. तो पाहून डॉक्टरांना उपचार ठरवता येतात.

आपल्या शिकलेल्या मुलामुलींना एक काम सांगावेसे वाटते. पेरणीआधीच्या एका रविवारी विहारात सगळे जमतील तेव्हा या डब्यांवरची चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवा. अक्षरे बारीक असतात, भाषा अवघड असते. वाचता येणाऱ्याने ती आपल्या बोलीत सांगितली तर दहा-पंधरा मिनिटे लागतील. तेवढ्याने कोणाचे तरी डोळे वाचतील, कोणाचा तरी जीव.