विश्लेषण : डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली, तर माजी सैनिकाने दाद कुठे मागायची?

निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळ आजार मान्य करते, त्याची टक्केवारीही लिहिते. पण पुढच्या रकान्यात ‘लष्करी सेवेशी संबंध नाही’ असा शेरा पडतो आणि डिसॅबिलिटी पेन्शनचा दावा तिथेच अडतो. काही महिन्यांनी रेकॉर्ड ऑफिसचे नकाराचे पत्र गावी येते. साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या, घराघरांतून लष्करात भरती होणाऱ्या गावांना अशी पत्रे नवी नाहीत. अनेक जण पत्र फाइलमध्ये लावून गप्प बसतात. प्रत्यक्षात त्याच पत्राच्या शेवटी अपिलाची मुदत लिहिलेली असते.

दावा नेमका कशामुळे फेटाळला जातो?

ही पेन्शन मिळण्यासाठी दोन अटी आहेत. अपंगत्व किमान २० टक्के हवे आणि ते सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले हवे. गोळी लागणे, सरावात पाय मोडणे अशा दुखापतींत सेवेशी असलेला संबंध दाखवणे तुलनेने सोपे असते. खरा वाद होतो तो उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, मानसिक आजार यांच्याबाबत. ‘हा जीवनशैलीचा आजार आहे’, ‘आजार शांत ठिकाणी नेमणूक असताना सुरू झाला’, ‘प्रकृतिजन्य आजार’ अशा एका ओळीच्या कारणावर नकार दिला जातो.

या नकाराच्या मुळाशी सहसा एकच कागद असतो : निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाचा अहवाल, म्हणजे ‘एएफएमएसएफ-१६’ हा फॉर्म. अपील करण्याआधी हा अहवाल हातात असणे आवश्यक आहे. तो मिळाला नसेल, तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून मागता येतो. भरतीच्या वेळची वैद्यकीय नोंद, नेमणुकांची यादी आणि रुग्णालयातील कागदही त्याच अर्जात मागावेत. दुखापतीचे प्रकरण असेल, तर चौकशी अहवालाची प्रत वेगळी लागते.

न्यायालयांचे म्हणणे काय?

सर्वाधिक आधार घेतला जातो तो धरमवीर सिंग प्रकरणातील २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा. १९८५ मध्ये सिग्नल कोअरमध्ये भरती झालेल्या या सैनिकाला फेफऱ्याच्या आजारामुळे १९९४ मध्ये घरी पाठवण्यात आले. अपंगत्व २० टक्के ठरले, पण आजार प्रकृतिजन्य असल्याचे सांगून पेन्शन नाकारली गेली. न्यायालयाने नियमांचाच आधार घेत प्रश्न फिरवला. भरतीच्या वेळी तपासणी करून तंदुरुस्त ठरवलेल्या जवानाच्या कागदांत आजाराची नोंद नसेल, तर पुढे झालेला आजार सेवेमुळे झाला असेच गृहीत धरले जाईल. तसे नाही म्हणायचे असेल, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. भरतीच्या वेळी आजार का कळू शकला नाही, याची कारणे मंडळाने लिहिली पाहिजेत. शंकेचा फायदा जवानाला.

तेव्हापासून न्यायालये हीच भूमिका घेत आली आहेत. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मधुमेहाच्या एका प्रकरणात स्पष्ट केले, की आजार शांत ठिकाणी सुरू झाला एवढ्यावरून पेन्शन नाकारता येणार नाही. सेवा नसेल तर दुसरे कोणते कारण होते, ते मंडळाने सांगावे लागेल. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्किझोफ्रेनियाच्या प्रकरणात, कारणे न देणाऱ्या वैद्यकीय मंडळाच्या मतावर नकार टिकणार नाही असे म्हटले.

म्हणून अपिलात ‘मी देशाची इतकी वर्षे सेवा केली’ या वाक्यापेक्षा ‘मंडळाने कारणच दिलेले नाही’ हे वाक्य जास्त वजनाचे ठरते. भावनिक अर्ज लिहिण्यात पानेच्या पाने खर्च होतात आणि नेमका मुद्दा राहून जातो.

मग सगळेच दावे मान्य होतात का?

नाही. रजेवर घरी असताना स्वतःच्या कामासाठी निघालेल्या जवानाचा स्कूटर अपघात सेवेशी जोडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जुझार सिंग प्रकरणात ठरवले. मात्र रजेवर जाताना किंवा रजेवरून परतताना केलेला अधिकृत प्रवास कर्तव्यात मोजला जातो. अपघात कुठे झाला यापेक्षा तो कोणत्या कारणाने निघाला असताना झाला, हे इथे महत्त्वाचे.

अपिलाच्या पायऱ्या कोणत्या?

नकाराचे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील करायचे. लष्कराच्या मुख्यालयातील पहिली अपील समिती त्यावर निर्णय देते. तिथेही नकार आला, तर पुढच्या सहा महिन्यांत दुसऱ्या अपील समितीकडे जाता येते. अर्ज रेकॉर्ड ऑफिसमार्फत जातो. तो स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पोचपावती जपावी. पुढे न्यायाधिकरणात तारखेचा पुरावा तीच ठरते.

त्यानंतरचा टप्पा सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातमधील प्रकरणे मुंबई खंडपीठाकडे येतात. खात्यांतर्गत अपील केल्याशिवाय न्यायाधिकरण सहसा अर्ज घेत नाही. पण अपिलावर सहा महिन्यांत उत्तरच आले नाही, तर तो मार्ग संपला असे मानून थेट तिथे जाता येते. अंतिम आदेशानंतर न्यायाधिकरणात जाण्यासाठीही सहा महिन्यांचीच मुदत आहे. उशिराचे पटणारे कारण दिले, तर तो माफ होऊ शकतो. वकील देणे सक्तीचे नाही, अर्जदार स्वतः बाजू मांडू शकतो.

न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याची वाट २०१५ च्या एका निकालानंतर अरुंद झाली होती. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा मोकळी केली. याचा फायदा दोन्ही बाजूंना झाला : जवान हरला तर त्यालाही वर जाता येते आणि जवान जिंकला तर सरकारलाही.

वर्षे उलटली असतील तर?

पेन्शन दर महिन्याची बाब असल्याने ती न मिळणे ही सतत चालणारी चूक मानली जाते. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांनीही दाद मागता येते. तोटा होतो तो थकबाकीचा. तरसेम सिंग प्रकरणातील २००८ च्या निकालानुसार अशा उशिराच्या प्रकरणांत साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच थकबाकी मिळते. त्याआधीची रक्कम गेली ती गेली.

रक्कम किती असते?

१०० टक्के अपंगत्व असेल, तर डिसॅबिलिटी घटक शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतो. कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात. समजा शेवटचा पगार ४० हजार रुपये आणि अपंगत्व २० टक्के आहे, तर महिना २,४०० रुपये होतात. पण ५० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व ५० टक्के धरावे, असा ‘राउंडिंग ऑफ’चा नियम आहे. सुरुवातीला तो आजारामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांपुरता होता. राम अवतार प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही लागू केला. त्या हिशेबाने तीच रक्कम ६,००० रुपये होते, शिवाय महागाई भत्ता. अपिलात राउंडिंग ऑफची मागणी स्वतंत्रपणे लिहिणे म्हणूनच गरजेचे.

२०२३ च्या नियमांनी काय बदलले?

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले. सेवा पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांसाठी ‘डिसॅबिलिटी घटक’ऐवजी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असा शब्द आला. जीवनशैलीच्या आजारांच्या नावाखाली सवलतींचा गैरवापर होतो, ही सरकारची चिंता त्यामागे होती. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण त्यावर उपाय वैद्यकीय मंडळांना नीट कारणे लिहायला लावणे हा असायला हवा होता. संरक्षणमंत्र्यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१५ मध्येच अशा प्रकरणांत जवानांविरुद्धची अपिले कमी करण्याची शिफारस केली होती. त्यानंतरही सरकार वरच्या न्यायालयांत जातच राहिले आणि जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्राच्या अशा अनेक याचिका एकत्रितपणे फेटाळल्या. २१ सप्टेंबर २०२३ पूर्वी निवृत्त झालेल्यांना जुनेच नियम लागू राहतात. नकाराच्या पत्रात नव्या नियमांचा दाखला असेल, तर निवृत्तीची तारीख आधी तपासावी.

मदत कुठे मिळेल?

पहिला दरवाजा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा. अपिलाचा नमुना, रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता आणि पत्रव्यवहार यात तिथे मदत होते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली असून, सैनिक कल्याण कार्यालयांत मोफत कायदेशीर सल्ल्याची केंद्रे उघडण्याची तीत तरतूद आहे. जाताना नकाराचे पत्र, पेन्शन पेमेंट ऑर्डर, डिस्चार्ज बुक आणि वैद्यकीय मंडळाचा अहवाल यांच्या दोन-दोन प्रती सोबत ठेवाव्यात.