दंड कापला? मग हिशेबाचा कागद मागा!



पासबुकात 'चार्जेस' एवढाच शब्द छापून येतो आणि पैसे गेलेले असतात. कशाचे गेले, कोणत्या नियमाने गेले, याचा पत्ता नसतो. रांध्यापासून सिल्वासापर्यंत आपल्या जुन्या मराठी घरांतली माणसे हे वाचतात, चडफडतात आणि गप्प बसतात. "जाऊ द्या हो, दोन-अडीचशे रुपयांसाठी कोण भांडणार?" हे आपले ठरलेले वाक्य. बँकांना नेमके हेच हवे असते!

आता आकडा ऐका. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत एकट्या स्टेट बँकेने किमान शिल्लक ठेवली नाही म्हणून खातेदारांकडून १,७७१ कोटी रुपये वसूल केले. त्याच वर्षी जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत बँकेचा नफा होता १,५८१ कोटी. म्हणजे तिमाहीच्या नफ्यापेक्षा दंड जास्त! आणि तो कोणाकडून? ज्यांच्या खात्यात पुरेसे पैसेच नव्हते त्यांच्याकडून. देशभर ओरड झाली. एप्रिल २०१८ पासून दंड कमी झाला आणि मार्च २०२० मध्ये बँकेने ती अटच काढून टाकली. ओरड केली तर बँक हलते, हे लक्षात ठेवा.

नियम नव्हते असे नाही. शिल्लक कमी पडली तर आधी खातेदाराला कळवा, ती भरायला किमान एक महिना द्या, जेवढी रक्कम कमी तेवढ्या प्रमाणातच दंड लावा आणि दंडापायी खाते उणे जाऊ देऊ नका, असे रिझर्व्ह बँकेने २०१४ सालीच बजावले होते. एसएमएसचे पैसे प्रत्यक्ष वापराप्रमाणे घ्या, हे २०१३ साली सांगितले होते. पण नियम मोडला हे दाखवणार कसे? त्याला कागद लागतो. खिडकीपाशी आवाज चढवून तो मिळत नाही.

म्हणून अर्ज लेखी द्या. खाते क्रमांक लिहा, कापलेली प्रत्येक रक्कम तारखेसह लिहा आणि तीन गोष्टी मागा: त्या काळाचा पूर्ण खातेउतारा, त्या वेळी लागू असलेले दरपत्रक, आणि आपल्याला सूचना कधी व कशी दिली याचा पुरावा. दोन प्रती करा, एकीवर शिक्का व तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. बँक सरकारी असेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच. अर्जाची फी फक्त १० रुपये. इंग्रजी येत नाही म्हणून अडू नका, हिंदीत लिहा.

काही जण म्हणतील, "मॅनेजर साहेब ओळखीचे आहेत, त्यांना वाईट वाटेल." अहो, पैसे कापताना कोणी ओळख पाहिली होती का? हिशेब मागणे म्हणजे भांडण नव्हे. पैसा आपला आहे, बँक तो सांभाळायला बसली आहे.

आणि आपण कोणत्या मातीत राहतो, हे विसरलात का? २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा पोर्तुगीजांच्या तावडीतून सुटले. त्या मुक्तिसंग्रामातले एक सैनिक बिंदुमाधव जोशी यांनीच पुढे १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. परकी सत्ता गेली तरी सामान्य माणसाची लूट थांबत नाही, तिच्याशीही संघटितपणे लढावे लागते, हाच त्यांच्या कामाचा अर्थ. ज्या भूमीसाठी ते लढले, तिथेच आपण एक उतारा मागायला कचरतो, ही लाजेची गोष्ट आहे!

तेव्हा या महिन्यात प्रत्येक घराने पासबुक भरून आणावे आणि प्रत्येक कपातीखाली लाल रेघ मारावी. शिकलेल्या पोरांनी आजी-आजोबांचे अर्ज लिहून द्यावेत. आपल्या मंडळाने ते एकत्र करून एकाच दिवशी बँकेत न्यावेत. एकट्या माणसाचा अर्ज टेबलाच्या खणात जातो. पन्नास घरांचे अर्ज खणात मावत नाहीत!