सहा तासांचं व्हेनिस

आधीच सांगून टाकतो, हे प्रवासवर्णन नाही. व्हेनिसमध्ये शाकाहारी जेवण कुठे मिळतं आणि हॉटेल कुठलं स्वस्त, असलं काही इथे सापडणार नाही. हा भांडणाचा लेख आहे. भांडण आपल्याच जातकुळीच्या लोकांशी आहे, म्हणजे वर्षाला मोजक्या रजा, पासपोर्टवर शेंगेनचा शिक्का आणि लॅपटॉपवर एक्सेल शीट बाळगणाऱ्या मंडळींशी. त्यातही पहिला नंबर माझा.

तर गोष्ट मे २०१० ची. मी जर्मनीत ऑनसाइट होतो. लग्नाला दीड वर्ष झालेलं, बायको नुकतीच पुण्याहून आलेली. प्रोजेक्ट संपायला दोन महिने उरलेले. म्हटलं, परत जायच्या आधी युरोप करून टाकू.

हे 'करून टाकू' नीट ऐका. आपण युरोप बघत नाही, करतो. 'स्वित्झर्लंड झालं, पॅरिस झालं, इटली तेवढं राहिलंय.' बग लिस्ट बंद करत आणल्यासारखं. मीही तेच केलं. बारा दिवस, नऊ शहरं, एक शीट. ठिकाण, पोचायची वेळ, निघायची वेळ आणि शेवटचा कॉलम 'फोटो: हो/नाही'. टीम लीडच्या कौतुकाची सवय असलेल्या माणसाला त्या शीटचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू!

व्हेनिसच्या वाट्याला सहा तास आले. मुक्काम मिलानला, सकाळच्या गाडीने अडीच तासांत व्हेनिस, संध्याकाळच्या गाडीने परत. राहायचं का नाही? महाग पडतं म्हणून. आणि 'तसं तिथे आहे काय, एक दिवस पुष्कळ झाला,' असं एका अनुभवी मित्राने सांगितलं होतं. तो स्वतः पाच तासांत उरकून आला होता.

स्टेशनच्या पायऱ्या उतरलं की समोर थेट ग्रँड कॅनॉल. रस्ता असायला हवा तिथे पाणी, रिक्षा असायला हव्यात तिथे बोटी. बायको एकदम थांबली. मी म्हणालो, "चल, चल, एक नंबरची वापोरेत्तो पकडायचीय." वापोरेत्तो म्हणजे तिथली पाण्यावरची पीएमटी, आणि गर्दीही तशीच. सान मार्कोला उतरलो तर बॅसिलिकासमोर ही मोठी रांग. शीटमध्ये रांगेला वेळ नव्हता. बाहेरूनच फोटो काढले, दर्शनी भागावरच्या चार प्रसिद्ध घोड्यांचेसुद्धा. मग उसाशांचा पूल. डोजच्या राजवाड्यातून कैद्यांना तुरुंगात नेत तो हा पूल. त्या वर्षी दुरुस्ती चालू होती आणि तिचा खर्च भागवायला पुलाच्या चहूबाजूंनी जाहिरातींचे भलेमोठे फलक लावलेले. आमच्या फोटोत पूल चिमूटभर आणि जाहिरात ढीगभर. तरी कॉलममध्ये 'हो'!

रियाल्टोच्या पुलावर दादर स्टेशनच्या जिन्यावर सरकतात तसे सरकलो. पुढे मुरानो बेटाची बोट पकडायची होती. एका छोट्या चौकात जुन्या दगडी विहिरीच्या पायरीवर बायको बसली ती उठेचना.

"उठ ना, बोट चुकेल."

"चुकू दे."

"अगं, पुन्हा कधी येणार आपण इथे?"

"आत्ता तरी कुठे आलोय? तू मला सुट्टीवर आणलंयस की ऑडिटला?"

मग जे काय झालं ते लिहीत नाही. लग्न झालेल्यांना कळेल, न झालेल्यांना पुढे कळेलच :-) मुरानो राहिलं. परतीच्या गाडीत अडीच तासांत आमच्यात एकच वाक्य झालं, आणि तेही पाण्याच्या बाटलीबद्दल.

आता त्या सहा तासांत माझ्या नाकासमोर काय होतं आणि मला काय दिसलं नाही, त्याची यादी देतो. यातलं सगळं मी नंतर वाचलं.

एक, ते चार घोडे नकली होते. अस्सल घोडे आत, बॅसिलिकाच्या संग्रहालयात आहेत. चौथ्या धर्मयुद्धात १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटलं गेलं, तिथून ते आणले. पुढे १७९७ मध्ये नेपोलियनने ते पॅरिसला नेले आणि १८१५ मध्ये ते परत आले. म्हणजे चोरावर मोर. त्या रांगेत तासभर उभा राहिलो असतो तर खरे दिसले असते.

दोन, अर्धविराम. होय, तोच सेमीकोलन, जो विसरला की आपली रात्र जाते. आजच्या रूपातला हा अर्धविराम पहिल्यांदा छापला गेला तो व्हेनिसमध्ये, आल्दुस मानुतिउसच्या छापखान्यात, १४९० च्या दशकात. तिरका टाइप वापरून अख्खं पुस्तक १५०१ मध्ये छापलं तेही त्यानेच. त्याच्या पहिल्या छापखान्याची जागा सान पोलो भागात आहे, भिंतीवर पाटीही आहे. दिवसाला शेकडो सेमीकोलन टाकून पोट भरणारा मी त्या सान पोलोतून घाम पुसत धावत गेलो होतो.

तीन, आणि हे जास्त लागलं. रियाल्टोजवळच्या एका चौकात औषधाच्या दुकानाच्या काचेत एक आकडा लावलेला असतो. जुन्या शहरात आज किती माणसं राहतात तो आकडा. २००८ पासून तो तिथे आहे. २००९ मध्ये तो साठ हजारांच्या खाली गेला, तेव्हा त्या नोव्हेंबरात काही व्हेनिसकरांनी गोंडोलात शवपेटी ठेवून आपल्याच शहराची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. आम्ही पोचलो ते सहा महिन्यांनी. सुतकात असलेल्या घरात शिरून "जरा बाजूला व्हा, फोटो काढायचाय" म्हणावं, तसं आम्ही वागत होतो.

१९५१ साली त्या जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. २०२३ मध्ये, तिथल्या नागरिक संघटनांच्या मोजणीनुसार, पर्यटकांसाठीच्या खाटा रहिवाशांपेक्षा जास्त झाल्या. जे शहर प्रजासत्ताक म्हणून हजार वर्षं टिकलं, तिथे आता नागरिकांपेक्षा उशा जास्त आहेत.

आपल्याला वाटतं व्हेनिस बुडतंय ते पाण्यात. पाण्याचं संकट खरं आहेच. १२ नोव्हेंबर २०१९ ला पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं. पण पाण्यावर इलाज तरी निघाला. समुद्राच्या तोंडाशी ७८ दरवाजांची एक प्रचंड यंत्रणा बसवली, ऑक्टोबर २०२० मध्ये भरती अडवायला ती पहिल्यांदा उचलली आणि शहर कोरडं राहिलं. समुद्र अडवता येतो. सकाळी दहाला येऊन चारला जाणारा माणूस कसा अडवायचा?

महापालिकेने उपाय काढला तिकिटाचा. २५ एप्रिल २०२४ पासून, ठरावीक २९ दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळात फक्त दिवसापुरतं येणाऱ्याला पाच युरो. रात्री राहणाऱ्याला माफ. २०२५ मध्ये दिवस वाढवून ५४ केले, आणि ऐन वेळी तिकीट काढणाऱ्याला दहा युरो. आता तुम्हीच सांगा, मुंबईहून विमानाने आलेला माणूस पाच युरोंसाठी मागे फिरेल? तो त्या पावतीचा पण फोटो काढेल! पहिल्याच दिवशी रहिवाशांनी रस्त्यावर उतरून निदर्शनं केली, ती मला पटतात. दाराशी तिकीट लावलं की आत राहणारा माणूस आपोआप प्रदर्शनातली वस्तू होतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि ते मी मुद्दाम ठासून मांडतो: जिथे रात्र काढायची नसेल, तिथे जाऊच नका. यादीतून ते शहर सरळ खोडा.

यावर काय ऐकावं लागेल ते मला पाठ आहे, कारण मी स्वतः तेच बोलायचो.

"सुट्टीच मिळत नाही रे." अरे, म्हणूनच म्हणतोय. माझ्या बारा दिवसांचा हिशेब मी नंतर मांडला. गाड्या, स्टेशनं, लॉकर, चेक-इन आणि रांगा यांत सत्तरएक तास गेले. सत्तर तास! सुट्टी कमी आहे म्हणून ती स्टेशनवर उधळायची, हे कुठलं ऑप्टिमायझेशन?

"व्हिसा, तिकीट, एवढा खर्च. पुन्हा कोण येणार? एकदाच काय ते बघून घेऊ." हे मात्र मला खोडून काढता येत नाही, कारण ते खरं आहे. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरातली परदेशी गेलेली ही पहिलीच पिढी. बँकेचे कागद, रजेचं पत्र, परतीचं तिकीट, सगळं दाखवून तो शिक्का मिळतो, मग एकही दिवस वाया घालवायची भीती वाटते. पण पुन्हा येणार नाही हे जर नक्की असेल, तर मग जे बघायचं ते निवांत बघायला नको का? पंगतीत पुन्हा बसायला मिळणार नाही म्हणून कुणी सगळ्या पानांतला एकेक घास खात फिरतं का?

"पण त्यांचं पोट पर्यटनावरच आहे ना?" कुणाचं पोट? आमच्या त्या सहा तासांची कमाई व्हेनिसला काय झाली: बोटीची तिकिटं, शौचालयाचे पैसे आणि फ्रिजवर लावायचा एक मुखवटा. सँडविचसुद्धा मिलानहून बांधून नेलं होतं. त्या मुखवट्याच्या दुकानाच्या जागी एके काळी वाण्याचं नाहीतर पावाचं दुकान असणार. ते गेलं की वरच्या मजल्यावरची म्हातारी पावासाठी किती पूल चढणार? चार वर्षांत तीही मुख्य भूमीवर मेस्त्रेला राहायला जाते, आणि तिच्या घरात पर्यटकांच्या खाटा येतात.

आणि कृपा करून "आम्ही टूरिस्ट नाही, ट्रॅव्हलर आहोत" हे सांगू नका. टूर कंपनीच्या बसमधून चिवडा आणि पुरणपोळ्या घेऊन उतरणाऱ्या काका-काकूंना मीही हसायचो. त्यांना बिचाऱ्यांना बस पळवते. मी माझी शीट स्वतः बनवली होती, मला तीही सबब नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आम्ही पुन्हा गेलो. या वेळी अट बायकोची: एकच शहर, पाच रात्री, शीट नाही. कान्नारेजो भागात एका छोट्या हॉटेलात राहिलो. सकाळी सांता सोफियाच्या धक्क्यावरून गोंडोला पकडायची. घाबरू नका, नव्वद युरोवाली नाही. कॅनॉलच्या या काठावरून त्या काठावर नेणारी, दोन युरोंची. समोरच रियाल्टोचा मासळीबाजार. माझी बायको मालवणकडची. तिने तारल्या ओळखल्या, माकूल ओळखलं आणि एका माशाचे कल्ले लांबूनच बघून "हा कालचा" असं मला मराठीत सांगितलं. विकणाऱ्याला शब्द कळले नसणार, पण नजर कळली. तो जो काय हसला! रात्री तळून कांद्या-व्हिनेगरात मुरवलेल्या तारल्या खाल्ल्या. "आईला सांगितलं पाहिजे," एवढाच शेरा मिळाला. तिच्या तोंडून तो पाच तारे समजावा.

खरे घोडे पाहिले. सान पोलोतली पाटी शोधली आणि तिच्यासमोर दोन मिनिटं उभा राहिलो. बायकोने डोळे फिरवले, पण थांबली.

संध्याकाळी गाड्या निघून गेल्या की शहराचा आवाज बदलतो. दुसऱ्या कुणाची पावलं ऐकू येतात, पाणी ऐकू येतं. असेच एका रात्री फिरत होतो. एका कालव्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार मजली घरं, आणि मोजून तीन खिडक्यांत उजेड. बायको बराच वेळ वर बघत होती. मग म्हणाली, "आमच्या वाडीसारखं आहे रे. गणपती सोडले तर अशीच बंद घरं. आणि लाँग वीकेंडला तुम्ही पुणेकर येऊन विचारता, बीच कुठेय, आणि संध्याकाळी बाटल्या टाकून जाता."

मला यावर काही बोलता आलं नाही. चौदा वर्षांपूर्वी विहिरीच्या पायरीवर तिला नेमकं काय खुपलं होतं, ते त्या अंधारात कळलं. मी बायको दमली असं समजलो होतो. तिला आम्ही त्या गावात कोण झालो होतो ते दिसलं होतं.

औषधाच्या दुकानातला आकडा निघायच्या दिवशी बघितला. एकोणपन्नास हजारांच्या खाली. आम्ही पाच रात्री राहिलो म्हणून तो काही वाढला नाही. हॉटेल म्हणजेही कुणाचं तरी जुनं घरच असणार, हे मला कळतं. रात्र काढली म्हणून आम्ही संत झालो, असा दावा नाही. पण ज्याच्या घरी आपण उतरतो, तो जिवंत आहे की गेला, एवढी तरी चौकशी होते.

असो. या दिवाळीला तुम्ही नवी शीट बनवाल, तेव्हा तिच्यात एक कॉलम वाढवा: 'रात्री किती?' जिथे शून्य येईल, ती ओळ डिलीट करा. शीट लहान होईल. मित्रांना सांगायला देश कमी पडतील. पण परतीच्या गाडीत बायको तुमच्याशी बोलेल. अनुभवाचे बोल आहेत.