भाड्याच्या बारा पावत्या

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीतून गाडी बाहेर काढण्यात काही अर्थ नसतो. म्हणून आम्ही तीन-चार जण गेटासमोरच्या टपरीवर कटिंग घेत ट्रॅफिक ओसरायची वाट बघतो. परवाच्या शुक्रवारी तिथेच माझी विकेट पडली आणि अख्खा वीकांत त्याच विचारात गेला. म्हणून हे लिहितोय.

विषय माझ्या पराक्रमाचा चालला होता. पराक्रम असा की, आमच्याकडे एका हजेरीच्या मशीनचं फर्मवेअर बनतंय. त्यात एका मॉड्यूलमध्ये कुणीतरी जीपीएल लायसन्सचं कोड जसंच्या तसं चिकटवलं होतं. मशीन विकलं जाणार, सोर्स मात्र गिऱ्हाईकाला द्यायचा नाही. मी ते दाखवून दिलं तर आमचा लीड म्हणाला, "वरची पंधरा ओळींची कॉमेंट काढून टाक ना. कोण बघतंय?" मी काही काढली नाही. मेल लिहिली, दोन मीटिंगा झाल्या, थोडी तोंडातोंडीही झाली. शेवटी ते मॉड्यूल दुसऱ्या, खुल्या लायसन्सची लायब्ररी वापरून नव्याने लिहायचं ठरलं आणि माझे दोन शनिवार त्यात गेले.

ही सगळी कथा मी टपरीवर रंगवून सांगत होतो. आमच्या टीममधली सिनियर टेस्टर शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "एक विचारू? जानेवारी २०२४ मध्ये तू मामाच्या नावाच्या भाड्याच्या पावत्या माझ्याच डेस्कवर बसून लिहिल्यास ना रे? निळं आणि काळं अशी दोन्ही पेनं मागितली होतीस. सगळ्या एका शाईत दिसायला नकोत म्हणून."

बाकीचे खो खो हसले. मीही हसलो. पण चहा काही घशाखाली उतरेना.

आधी जीपीएलबद्दल, म्हणजे मी एवढा का भांडलो ते कळेल. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये जीपीएल लिहिलं. त्याचा मथितार्थ साधा आहे. घे, वापर, बदल, विकायचं तर वीक. फक्त ज्याला देशील त्याला सोर्सही दे आणि तुला मिळाले तेच हक्क त्यालाही दे. म्हणजे इथे पैसे मागितलेले नाहीत. मागितलीय ती परतफेड, आणि तीसुद्धा पुढच्या माणसाला करायची. आपल्याकडे मुक्तस्रोत म्हटलं की लोकांना 'चकटफू' एवढंच ऐकू येतं!

या अटीत दम आहे का? आहे. लिंक्सिसचा तो निळा-काळा वायफाय राऊटर आठवतोय? त्यात लिनक्स आहे हे लोकांनी २००३ मध्ये शोधून काढलं आणि कंपनीला सोर्स खुला करावा लागला. त्याच सोर्सवर पुढे ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं, जे आजही जगभरातल्या राऊटरांवर चालतं. कुणीतरी 'कॉमेंट काढून टाक' म्हणून मोकळं झालं असतं, तर हे काहीच झालं नसतं.

आता दुसरी बाजू. हे सगळं चालवतं कोण? एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड नावाची चूक उघडकीला आली. बँकांपासून मेलपर्यंत निम्मं आंतरजाल ज्या लायब्ररीच्या भरवशावर चालत होतं, तिला तोवर वर्षाला साधारण दोन हजार डॉलर देणगी मिळत होती. दोन हजार! मार्च २०२४ मध्ये तर कहर झाला. एक्सझेड ही फाईली दाबून लहान करणारी छोटी लायब्ररी. ती वर्षानुवर्षं लासे कॉलिन हा फिनलंडमधला एकटा माणूस सांभाळत होता. तो थकला होता आणि हा बिनपगारी छंद आहे, असं त्याने २०२२ मध्ये लिहूनही सांगितलं होतं. त्याच सुमारास 'जिया तान' नावाने कुणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. तो सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला, एसएसएच लॉगिनला अर्ध्या सेकंदाच्या आसपास जास्त वेळ का लागतोय म्हणून तो खोदत बसला म्हणून. जगातल्या कित्येक सर्व्हरांची इज्जत त्या अर्ध्या सेकंदाने वाचवली.

म्हणजे विहीर सगळ्यांची, पाणी सगळे उपसतात आणि गाळ काढायला एकच माणूस. तोही स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी.

यावर उपाय काय? काही कंपन्या पैसे देतात. आपल्याकडे झिरोधाने २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी याच कामासाठी जाहीर केला, उत्तम केलं. पण मला जास्त आवडला तो जर्मनीचा मार्ग. तिथे २०२२ मध्ये सरकारने सॉव्हरिन टेक फंड काढला आणि २०२३ मध्ये एकट्या नोम प्रकल्पाला दहा लाख युरो दिले. कुणाचे पैसे? करदात्यांचे. रस्ते आणि पूल जसे सगळ्यांनी मिळून बांधायचे, तसंच हेही. मला हे वाचून इतका आनंद झाला होता की मी टीमच्या ग्रुपवर टाकलं होतं, "याला म्हणतात कराचा सदुपयोग!"

आणि ते टाकणारा मी कोण? तर बारा पावत्यांवर मामाची सही ठोकणारा.

तेव्हा मी जुन्या करपद्धतीत होतो. राहायला कोथरूडला, मामाच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये, भाडं शून्य. ऑफिसातून मेल आली की अमुक तारखेपर्यंत भाड्याचे पुरावे द्या. शेजारच्या क्युबिकलमधल्या तज्ज्ञाने सल्ला दिला, "महिना आठ हजार दाखव. वर्षाचे शहाण्णव होतात. लाखाच्या आत असलं की घरमालकाचा पॅन लागत नाही." स्टेशनरीच्या दुकानातून पावतीपुस्तक आणलं आणि वर रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवले. हिशोब असा: माझं बेसिक महिना पस्तीस हजार, म्हणजे वर्षाच्या बेसिकचे दहा टक्के झाले ४२,०००. शहाण्णवमधून ते गेले, उरले ५४,०००. त्यावर २० टक्के कर आणि ४ टक्के उपकर. एकूण वाचले ११,२३२ रुपये. 'वाचले' हा आपला शब्द. कोशात दुसरा शब्द आहे.

या विषयावर टपरीवर ठरलेली वाक्यं असतात. "आपण पगारदारच तेवढे भरतो, बाकी कुणी भरत नाही." "भरून मिळतं काय? खड्डे?" खोटं बोलणार नाही, यातलं दुसरं मलाही पटतं. ज्या रस्त्यावर आम्ही शुक्रवार घालवतो तो बघून कुणालाही पटेल. पण पहिलं वाक्य चूक आहे. आमच्या मजल्यावर साफसफाई करणाऱ्या मावशी प्राप्तिकर भरत नाहीत. पण मोबाईल रिचार्ज करतात तेव्हा १८ टक्के जीएसटी त्याही देतात आणि मीही देतो. तेवढाच. त्यांच्या पगारात तो केवढा आणि माझ्यात केवढा, हे गणित इंजिनियरला समजावून सांगायला नको.

करव्यवस्था न्याय्य आहे असंही माझं म्हणणं नाही. रात्रीचा दिवस करून कमावलेल्या पगाराचा वरचा टप्पा ३० टक्क्यांत जातो. उलट, वर्षभर नुसते धरून ठेवलेले शेअर विकले तर जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने ठरवलेला दर साडेबारा टक्के, त्यातही पहिला सव्वा लाख नफा माफ. उपकराचं तर काय सांगावं! कराचा वाटा केंद्राला राज्यांना द्यावा लागतो, उपकराचा द्यावा लागत नाही. हे सगळे खरे बग आहेत. पण बग दिसला तर तो सगळ्यांसमोर नोंदवायचा, त्यावर वाद घालायचा, मत देताना लक्षात ठेवायचा. मी काय केलं? सिस्टीममध्ये दोष आहे असं म्हणत स्वतःपुरता क्रॅक मारला आणि गप्प बसलो. त्याने मावशींचा जीएसटी काही कमी झाला नाही.

आता एक गंमत. तुमच्या पगाराच्या स्लिपवर पी.टी. म्हणून दोनशे रुपये कापलेले दिसतात ना? (फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार.) शाळेतल्या पीटीच्या तासाइतकंच आपण त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. तो व्यवसाय कर. महाराष्ट्रात तो १९७५ च्या कायद्याने आला, आणि आला तोच मुळी रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. बाहत्तरचा दुष्काळ पाहिलेल्या राज्यात वि. स. पाग्यांनी मांडलेली ही योजना. शहरातल्या पगारदाराने थोडे द्यायचे आणि त्यातून खेड्यातल्या माणसाला काम मिळायचं. २००५ मध्ये देशभराचा कायदा झाला तो याच वाटेने. आमचं मूळ गाव माण तालुक्यातलं. आजी बाहत्तरला खडी फोडायला जायची, तिथल्या सुकडीची चव अजून सांगते. आजोबांनी पुढे रोजगार हमीवर पाझर तलावाची माती उचलली. तेव्हा मुंबई-पुण्यातल्या कुठल्यातरी कारकुनाच्या पगारातून त्यांची हजेरी निघाली असणार. त्या कारकुनाला आजोबांचं नावही ठाऊक नव्हतं. मी पावत्यांनी बुडवला तो प्राप्तिकर, पी.टी. नव्हे. पण ज्या कुणाच्या आजोबांसाठी मी देणं लागत होतो, त्यांना या फरकाचं काय?

राहता राहिली ती टेस्टर. तिचा मला राग का आला नाही, हे सांगायला हवं.

२०२२ मध्ये आमच्याकडे ऑनलाइन रमीच्या ॲपचं काम आलं होतं. तिने लेखी कळवलं की मी यावर काम करणार नाही, दुसरं काहीही द्या. तिचा चुलतभाऊ त्या खेळात बुडाला होता, दुकान गेलं होतं. तिला सांगण्यात आलं, "पर्सनल बिलीफ घरी ठेवून यायची." मला हे वाक्य फार विनोदी वाटतं. खंडेनवमीला आम्ही सर्व्हरच्या रॅकला झेंडूचा हार घालतो, कीबोर्डला हळदकुंकू वाहतो, रिलीज अमावास्येला नको म्हणून पुढे ढकलल्याचंही मी पाहिलंय. श्रद्धा ऑफिसात चालते, फक्त तिच्यामुळे बिलिंग अडता कामा नये! ती दोन महिने बेंचवर बसली आणि त्या वर्षी तिचं रेटिंग घसरलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तेव्हा आम्ही तिला म्हटलं, "तू जिंकलीस!" तर म्हणाली, "कायद्याचा काय संबंध? तेव्हा ते कायदेशीर होतं, तरी मला करायचं नव्हतं."

माझ्या मते कामाच्या ठिकाणी श्रद्धा कितपत आणावी याचं माप इथेच आहे. तिने कुणाला उपदेश केला नाही, ज्यांनी ते काम केलं त्यांच्याशी बोलणं सोडलं नाही. आपल्या श्रद्धेचं बिल तिने आपल्याच नावावर फाडलं. याउलट मुलाखतीत आडून आडून जात किंवा जेवण विचारणारे, टीमच्या ग्रुपवर रोज सकाळी धर्माचे फॉरवर्ड टाकणारे, हे आपल्या श्रद्धेचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडतात. त्यांनी ती खुशाल घरी ठेवून यावी.

आणि मी? जीपीएलसाठी भांडलो त्याचे मला दोन शनिवार पडले, पण शाबासकीही मिळाली. टपरीवर सांगायला गोष्ट मिळाली. पावत्या मात्र एकट्याने लिहिल्या, तिथे टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. लीडचं ते "कोण बघतंय?" मला किती लागलं होतं! जानेवारीत दोन रंगांची पेनं मागताना मी मनात दुसरं काय म्हणत होतो?

असो. फार झालं प्रवचन. तुमच्याही ड्रॉवरमध्ये एखादं पावतीपुस्तक असेलच, नसेल तर तुमचं मनापासून कौतुक.

ता.क. : जुन्या वर्षाचं अद्ययावत विवरणपत्र चार वर्षांपर्यंत भरता येतं. मूळ कर, व्याज आणि वर जादा कर, जो उशिरानुसार २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत चढतो. काल रात्री बसून भरलं. मामालाही फोन करून सगळं सांगितलं. तो आधी गप्पच झाला. मग म्हणाला, "अरे गाढवा, वर्षभर माझ्या नावाने आठ-आठ हजार भाडं घेतलंस आणि मला साधा पत्ता नाही? ये रविवारी जेवायला. येताना ते पावतीपुस्तक घेऊन ये, बंब पेटवायला होईल."